टावीनंतर अँजिओग्राफी: झडपेच्या जाळीतून कोरोनरीपर्यंत कसं पोचायचं

जांघेतून नळी घालून महाधमनीची झडप बदलणं, म्हणजे टावी, नाशिक जिल्ह्यात आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. निफाड-येवल्याकडचे आजोबा मुंबईला किंवा पुण्याला जाऊन झडप बसवून येतात, काहींची इथेच होते, आणि थोड्याच दिवसांत ते मळ्यात फेरी मारायला लागतात. अडचण उभी राहते ती तीन-चार वर्षांनी. छातीत कळ येते, रात्री गाडी द्वारका चौक ओलांडून मुंबई नाक्याकडे धावते आणि कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफी होते त्या खोलीतल्या, टेबलावर घेतल्यावर स्क्रीनवर झडपेची एक उंच धातूची जाळी दिसते. कोणती झडप, कोणता साइझ, कधी बसवली? नातेवाईक म्हणतात, फाइल मुंबईला मुलाकडे आहे.

मी कॅथलॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. हा लेख कॅथलॅबमधल्या नव्या मुलामुलींसाठी, तालुक्यातल्या फॅमिली डॉक्टरांसाठी आणि टावीच्या निर्णयापर्यंत आलेल्या घरांसाठी लिहितोय. शेवटचा मोठा भाग कॅथलॅबवाल्यांचा आहे, बाकीच्यांनी तो वरवर चाळला तरी चालेल. टावीनंतरची अँजिओग्राफी सोपी जाणार की घाम काढणार, हे बरंचसं झडप बसवण्याआधी सीटी बघतानाच ठरतं आणि उरलेलं घरातल्या कागदांवर ठरतं, असं माझं मत आहे. उपचाराचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

झडप बसते ती जागा

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून रक्त महाधमनीत जातं ते या झडपेतून. झडपेला तीन पाकळ्या असतात. प्रत्येक पाकळीमागे महाधमनीची भिंत बाहेर फुगलेली असते, त्या फुगवट्याला सायनस म्हणतात. इटालियन शरीररचनातज्ज्ञ अंतोनिओ वाल्साल्वा (१६६६–१७२३) यांचं नाव त्याला दिलेलं आहे. तीनपैकी डाव्या सायनसमधून डावी मुख्य कोरोनरी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणारी धमनी, निघते, उजव्यातून उजवी. तिसऱ्यातून काहीच निघत नाही, म्हणून तो नॉन-कोरोनरी. सायनस वर जिथे संपतात आणि महाधमनी सरळ होते ती पातळी म्हणजे सायनोट्युब्युलर जंक्शन. पुढे नुसतं जंक्शन म्हणतो.

चित्रात झडप सपाट दाखवतात, त्यामुळे एक गोष्ट कळत नाही. पाकळ्या भिंतीला एका आडव्या रेषेत चिकटलेल्या नसतात. प्रत्येक पाकळीची कड खालच्या टोकापासून दोन्ही बाजूंनी वर चढत जाते आणि शेजारच्या पाकळीच्या कडेला थेट जंक्शनजवळ जाऊन मिळते. या मिळण्याच्या जागेला कमिशर म्हणतात. अशी तीन कमिशर असतात. खालची तीन टोकं मनात जोडली की जी कडी तयार होते तो अ‍ॅन्युलस. शरीरात अशी कडी वेगळी काढून दाखवता येत नाही, सीटीवर ती आखावी लागते, आणि झडपेचा साइझ तिच्यावरूनच ठरतो. बहुतेकांमध्ये ती लंबगोल असते.

कोरोनरीचं तोंड दोन कमिशरच्या मधल्या खोलगट भागात, बहुधा जंक्शनच्या थोडं खाली असतं. अ‍ॅन्युलसपासून डावं तोंड साधारण १२ ते १५ मिलिमीटर उंच, उजवं बहुतेक वेळा त्याहून थोडं वर. ठेंगण्या अंगाच्या स्त्रियांमध्ये हे अंतर कमी भरतं, सायनसही अरुंद असतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांचे रिपोर्ट बघताना हे आधी डोक्यात ठेवावं.

डाव्या कोरोनरीत रक्त मुख्यतः झडप बंद असताना जातं. हृदय सैल पडतं, पाकळ्या मिटतात, सायनसमध्ये रक्त थांबतं आणि तिथून कोरोनरीत शिरतं. म्हणजे सायनसमध्ये मोकळी जागा असणं ही गरज आहे. आणखी एक शेजार लक्षात ठेवा: उजव्या आणि नॉन-कोरोनरी पाकळीच्या मधल्या कमिशरच्या खाली पातळ पडदा असतो आणि त्याच्या कडेने हृदयाची विजेची तार, म्हणजे हिज बंडल, जाते. झडप खोल बसली तर तिच्यावर दाब येतो आणि पेसमेकर लागू शकतो. पुढे झडपेच्या उंचीवरून जी ओढाताण होते तिचं मूळ इथे आहे.

टावीत काय बदलतं

शस्त्रक्रियेत सर्जन जुनी झडप कापून काढतो, नवी शिवतो, आणि कोरोनरीची तोंडं डोळ्यांनी बघत नव्या झडपेचे खांब त्यांच्यापासून दूर ठेवतो. टावीत जुनी झडप आतच राहते. फ्रान्समधल्या रूआं शहरात अॅलॅं क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी माणसात पहिली टावी केली, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: घडी केलेली झडप आत न्यायची, उघडायची, आणि चुना साचलेल्या जुन्या पाकळ्या तिनेच बाजूला रेटून भिंतीकडे दाबून ठेवायच्या.

त्यामुळे आता कोरोनरीच्या तोंडासमोर तीन गोष्टी येऊ शकतात. एक, रेटलेली जुनी पाकळी. दोन, नव्या झडपेची धातूची जाळी आणि खालच्या भागावर शिवलेलं कापड, ज्याला स्कर्ट म्हणतात. तीन, नव्या झडपेचा कमिशरचा खांब. गंगापूरच्या कालव्यावर चारीचं तोंड मोकळं असलं तरी त्यापुढे कुणी जाळी उभी केली, की पाणी जात राहतं, पण आतला गाळ काढायला हात घालायचा म्हटलं की अडतं. बहुतेक टावी रुग्णांचं असंच असतं. रक्तपुरवठा व्यवस्थित असतो, अडतो तो कॅथेटर, म्हणजे अँजिओग्राफीची बारीक नळी.

रक्तच अडणं ही वेगळी आणि फार गंभीर गोष्ट. जुनी पाकळी तोंडावर जाऊन बसते आणि टेबलावरच बीपी कोसळतं. स्वतःच्या मूळ झडपेत टावी करताना हे शंभरात एकापेक्षाही कमी जणांत होतं. आधीच्या कृत्रिम झडपेत दुसरी झडप बसवताना प्रमाण वाढतं. झालं तर जीव वाचवणं कठीण असतं, म्हणून ते आधीच ओळखायचं असतं. कधी कधी हा अडथळा काही तासांनी किंवा दिवसांनीही येतो, म्हणून घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातली छातीतली कळ अंगावर काढू नये.

सीटीचा रिपोर्ट हातात आला की

टावीआधी ईसीजीशी जुळवून, डाय देऊन काढलेला सीटी होतोच. नातेवाईक त्यात एकच गोष्ट शोधतात: जांघेतून जमेल का. त्या पानावर आणखी काही आकडे असतात, ते डॉक्टरांकडून समजून घ्या.

पहिला आकडा दोन्ही कोरोनरींच्या तोंडाची उंची. १२ मिलिमीटरच्या खाली असेल तर डॉक्टर थबकतात, १० च्या खाली तर नक्कीच. दुसरा, सायनसची रुंदी. ३० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर रेटलेल्या पाकळीला मागे सरकायला जागा कमी पडते. हे दोन आकडे एकत्रच वाचावे लागतात. तोंड खाली पण सायनस ऐसपैस असेल तर बहुधा निभावतं, दोन्ही कमी असतील तर खरा धोका. तिसरा, जंक्शनची उंची आणि व्यास. उंच जाळीची झडप आणि अरुंद जंक्शन ही जोडी पुढे त्रास देते. चौथी गोष्ट आकडा नाही, वर्णन आहे: डाव्या पाकळीच्या टोकाला चुन्याचा मोठा गोळा आहे का.

आधीच कृत्रिम झडप असेल तर संगणकावर नवी झडप आभासी बसवून तिच्यापासून कोरोनरीच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजतात. ते ४ मिलिमीटरपेक्षा कमी भरलं तर धोका मोठा. अशा वेळी कोरोनरीत आधीच तार ठेवून स्टेंट तयार ठेवणं, किंवा जुनी पाकळी विजेच्या तारेने मधोमध चिरणं, ज्याला बॅसिलिका म्हणतात, असे मार्ग असतात. ही कामं रोज करणाऱ्या केंद्रातच व्हावीत. इथे जवळचं रुग्णालय शोधण्यापेक्षा अनुभवाचं शोधावं.

जन्मतः दोनच पाकळ्यांची झडप असणारे रुग्णही बरेच भेटतात. त्यांच्यात कोरोनरीच्या तोंडांच्या जागा नेहमीच्या ठरावीक कोनात नसतात, म्हणून सीटी अधिकच बारकाईने बघावा लागतो.

ब्लॉकेज आधी उघडायचे का

महाधमनीची झडप आकसलेल्या वयस्क रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या कोरोनरीतही आजार सापडतो, कारण वय, साखर, बीपी, तंबाखू ही कारणं सारखीच आहेत. टावीआधी अँजिओग्राफी होते आणि दोन-तीन ब्लॉकेज निघतात. आता काय?

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोशन-३ या युरोपातल्या अभ्यासात अशा रुग्णांचे दोन गट केले होते. ब्लॉकेज ९० टक्क्यांवर होते किंवा तारेने दाब मोजून ते रक्त अडवतात हे ठरलेलं होतं. स्टेंटही घातलेल्या गटात साधारण दोन वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा तातडीची अँजिओप्लास्टी यांपैकी काहीतरी २६ टक्के लोकांना झालं, नुसती औषधं दिलेल्यांत ३६ टक्क्यांना. रक्तस्रावाचं पारडं मात्र उलटं होतं: २८ विरुद्ध २० टक्के. म्हणजे ८५ वर्षांच्या, हिमोग्लोबिन ९ असलेल्या आजींना आणि ७० वर्षांच्या ठणठणीत शेतकऱ्याला एकच उत्तर लागू होत नाही.

माझं मत विचाराल तर डाव्या मुख्य धमनीच्या किंवा कोरोनरीच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या ब्लॉकेजचा निकाल झडपेआधी लावावा, निदान त्यावर मोकळी चर्चा व्हावी. उंच जाळीची झडप बसणार असेल तर विशेषच. पुढे तिथे पोचणं सोपं राहील याची खात्री कुणी देत नाही.

झडप निवडताना

दोन मोठी घराणी आहेत. एक फुग्याने उघडणारी: एडवर्ड्स कंपनीची सॅपियन आणि गुजरातमधल्या वापीच्या मेरिल कंपनीची मायव्हॅल या त्यातल्या. पाकळ्या गायीच्या हृदयावरणापासून बनवलेल्या, जाळी आखूड. सॅपियन ३ ची जाळी साइझनुसार साधारण १५.५ ते २२.५ मिलिमीटर उंच. पुष्कळदा तिचा वरचा काठ कोरोनरीच्या तोंडाखाली किंवा जेमतेम बरोबरीला राहतो.

दुसरं घराणं आपोआप उघडणारं: मेडट्रॉनिकची इव्होल्यूट हे ठळक उदाहरण. निटिनॉल धातूची जाळी, पाकळ्या डुकराच्या हृदयावरणापासून. जाळी सुमारे ४५ मिलिमीटर उंच, म्हणजे कोरोनरीची तोंडं ओलांडून वरच्या महाधमनीत जाते. मधे ती कमरेशी बारीक असते, २० ते २४ मिलिमीटर. पाकळ्या अ‍ॅन्युलसच्या वर बसवलेल्या असल्याने लहान अ‍ॅन्युलसमध्ये रक्ताला वाट चांगली मिळते. कोरोनरीपर्यंत जायचं तर मात्र दरवेळी जाळीच्या छिद्रातून.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या री-अ‍ॅक्सेस या इटालियन अभ्यासात ३०० रुग्णांची टावीनंतर लगेच अँजिओग्राफी करून पाहिली. २३ जणांत कॅथेटर नीट बसला नाही, त्यांपैकी २२ जणांना इव्होल्यूट होती. ही बातमी वाचून उंच झडप वाईट असा निष्कर्ष काढणारे भेटतात, तो चुकीचा आहे. लहान अ‍ॅन्युलसच्या, कोरोनरी साफ असलेल्या ८२ वर्षांच्या बाईंना ती उत्तम ठरू शकते. मग कंपनीनेही सुधारणा केल्या. इव्होल्यूट एफएक्स मॉडेलमध्ये सोन्याच्या खुणा आल्या, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एफएक्स प्लसमध्ये कोरोनरीसमोरची छिद्रं मोठी केली.

बसवण्याच्या दिवशी दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक कमिशर जुळवणं: नव्या झडपेचे खांब जुन्या कमिशरच्या समोर यावेत, कोरोनरीच्या तोंडासमोर येऊ नयेत. शस्त्रक्रियेत हे आपोआप साधतं, टावीत मुद्दाम करावं लागतं. इव्होल्यूटमध्ये डिलिव्हरी सिस्टिमचा, म्हणजे झडप आत नेणाऱ्या नळीचा, फ्लश पोर्ट जांघेत शिरतानाच घड्याळातल्या तीनच्या दिशेला ठेवतात, आणि डाव्या तिरक्या व्ह्यूमध्ये तिची टोपीसारखी खूण महाधमनीच्या बाहेरच्या वळणाकडे किंवा समोर मध्यभागी आली की खांब बहुतेक वेळा योग्य जागी बसतात. फुग्याच्या झडपेत असं नेमकं फिरवणं अवघड जातं, तिथे आखूड जाळी हाच आधार.

दुसरी, खोली. झडप उंच बसवली तर हिज बंडल वाचतं, पेसमेकर टळतो, पण कापड आणि खांब कोरोनरीजवळ सरकतात. खाली बसवली तर उलटं. सध्या कल उंच बसवण्याकडे आहे, उजवी आणि डावी पाकळी एकमेकींवर आणून घेतलेल्या व्ह्यूमुळे ते जमतंही. पण पेसमेकर टाळण्याच्या नादात कोरोनरीचा विचार मागे पडू नये.

वय कमी असेल तर तिसराही प्रश्न: ही झडप झिजली तर पुढे काय? दुसरी टावी केली की पहिल्या टावीच्या पाकळ्या वर उभ्या दाबल्या जातात आणि जाळीचा तेवढा भाग बंद नळी होऊन बसतो. ती नळी जंक्शनच्या वर गेली आणि भिंतीपासून अंतर दोन मिलिमीटरच्या आत आलं तर सायनसच बंद पडतो. अमेरिकेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं ६५ च्या आतल्यांना शस्त्रक्रियेकडे वळवतात, ८० च्या वरच्यांना टावीकडे. युरोपने २०२१ मध्ये टावीसाठी ७५ ची रेषा धरली होती, २०२५ मध्ये ती ७० वर आणली. ६३ वर्षांच्या माणसाने "छाती फाडायची नाही" एवढ्याच कारणावर टावी मागितली तर हे सगळं त्याच्यासमोर ठेवणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे, आणि विचारणं घरच्यांचं.

घरची फाइल

डिस्चार्जच्या वेळी झडपेचं कार्ड मिळतं. त्यावर कंपनी, मॉडेल, साइझ, सिरियल नंबर, तारीख असते. त्याचा फोटो रुग्णाच्या आणि घरातल्या किमान दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. फोटोवर भिस्त ठेवून मूळ कार्ड हरवू नका. सुरगाणा-पेठकडे रेंज नसते आणि घाबरलेल्या माणसाला मोबाइलचं लॉकही उघडत नाही, म्हणून कार्डाची झेरॉक्स औषधांच्या पिशवीत हवीच.

सोबत चार गोष्टी मागून घ्या: टावीआधीच्या सीटीची सीडी किंवा पेन ड्राइव्ह (नुसता रिपोर्ट नको, चित्रं हवीत), टावीआधीच्या अँजिओग्राफीची सीडी, डिस्चार्जच्या दिवसाचा ईसीजी, आणि टावीची सविस्तर नोंद, ज्यात झडप किती खोल बसली आणि कमिशर जुळली का हे लिहिलेलं असेल. ही शेवटची गोष्ट सहसा मागितल्याशिवाय मिळत नाही. मागा. मोठी रुग्णालयं देतात.

छातीत दुखलं तर

झडप नवी आहे म्हणजे हार्ट अटॅक येणार नाही, असा समज घराघरांत आहे. झडप आणि कोरोनरी वेगळ्या गोष्टी आहेत. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम, अचानक धाप असेल तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या ईसीजी निघणाऱ्या दवाखान्यात जा. अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका.

फॅमिली डॉक्टरांसाठी एक सापळा सांगतो. टावीनंतर बऱ्याच रुग्णांच्या ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या विजेच्या तारेतला अडथळा) कायमचा राहतो, काहींना पेसमेकर असतो. अशा ईसीजीत अटॅकची नेहमीची चिन्हं झाकली जातात, आणि उलट जुनाच ब्लॉक नवा समजून धावपळही होते. म्हणूनच डिस्चार्जचा ईसीजी जपायचा. शेजारी ठेवून तुलना करा, ट्रोपोनिन करा, शंका असेल तर पाठवा. ताप, थंडी आणि धाप एकत्र असेल तर झडपेच्या संसर्गाचाही विचार करा, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर घ्या.

पाठवण्याआधी कॅथलॅबला फोन करून "टावीचा पेशंट येतोय, झडप अमुक, साइझ अमुक" एवढं सांगितलं तरी फार मदत होते. टावीनंतर मोठा हार्ट अटॅक आलेल्या रुग्णांवरच्या २०२१ मधल्या एका अभ्यासात धमनी उघडायला लागणारा वेळ ४० मिनिटं होता, इतरांमध्ये ३०. अँजिओप्लास्टी फसण्याचं प्रमाण १६.५ टक्के, इतरांत ३.९. तयारीत वाचलेली मिनिटं इथे मोलाची. २०२७ च्या सिंहस्थात पंचवटी आणि गोदाकाठच्या रस्त्यांवरची वाहतूक वळवलेली असेल, तेव्हा त्या बाजूच्या घरांनी रुग्णालयाचा दुसरा रस्ता आधीच बघून ठेवावा.

कॅथलॅबमध्ये, क्रमाने

डाय देण्याआधी नुसती जाळी बघा. डाव्या आणि उजव्या तिरक्या व्ह्यूमध्ये एकेक छोटी सिने (एक्स-रेची चलतचित्रफीत) घ्या. जाळी आखूड आहे की उंच, कमरेशी बारीक आहे का, वरचा काठ कुठे संपतो, खाली किती खोल बसली आहे, एवढं डायविना कळतं. कार्ड नसलं तरी घराणं ओळखता येतं. रुग्ण स्थिर असेल आणि वेळ असेल तर टावीनंतरचा सीटी आधी करावा. कोणतं छिद्र तोंडासमोर आहे, खांब कुठे आहे हे त्यात दिसतं आणि टेबलावरचा अंदाधुंद शोध वाचतो. बऱ्याच वेळा निदानापुरती सीटी कोरोनरी अँजिओग्राफीच पुरते.

प्रवेश डाव्या मनगटातून किंवा जांघेतून. उजव्या मनगटातूनही जमतं, पण महाधमनीत कॅथेटर ज्या कोनातून उतरतो त्याने उंच जाळीत वळवणं कठीण जातं. पहिला शॉट पिगटेलने (गोल वळलेल्या टोकाच्या कॅथेटरने) झडपेच्या वर, महाधमनीच्या मुळाशी. दोन्ही तोंडं कुठे आहेत, डाय सायनसमध्ये मोकळी फिरते का, हे कळल्याशिवाय कॅथेटर घुसवू नका.

आखूड जाळी आणि तोंड तिच्या वर असेल तर नेहमीचे जेएल आणि जेआर (डाव्या आणि उजव्या कोरोनरीसाठी वळण दिलेले कॅथेटर), नेहमीची पद्धत. तोंड जाळीच्या काठाखाली असेल तर वरच्या ओळीतली मोठी, कापड नसलेली छिद्रं वापरा, किंवा जाळी आणि भिंतीच्या मधून वरून उतरा. समोर खांब असेल तर याच वरच्या वाटेवर भिस्त.

उंच जाळीत काम वेगळं. जे टोकाची ०.०३५ इंची तार आधी जाळीच्या आतून गेली आहे ना, हे दोन व्ह्यूंमध्ये पक्कं करा. तार वरच्या एखाद्या छिद्रातून बाहेर पडून जाळी आणि भिंतीच्या मधे उतरली, तर सुरुवातीला सगळं ठीक वाटतं, नंतर स्टेंट अडकतो तेव्हा कळतं. कमर बारीक असल्याने डावीसाठी जेएल ४ ऐवजी जेएल ३.५ घ्या, गाइड (अँजिओप्लास्टीचा जाड कॅथेटर) लागला तर ईबीयू हा डाव्या बाजूचा गाइडही अर्ध्या साइझने लहान. उजवीसाठी जेआर ४. कॅथेटर तोंडाच्या पातळीला आणा आणि समोरच्याच छिद्रातून सरळ आत न्या. वरच्या किंवा खालच्या छिद्रातून तिरका गेला तर टोक तोंडाकडे वळतच नाही, मग चार-चार कॅथेटर बदलले जातात. सहा फ्रेंच पुरतो. अ‍ॅम्प्लाट्झ आकाराचा कॅथेटर शेवटचा पर्याय ठेवा, त्याचं टोक जाळीत अडकतं.

नेमकं बसत नसेल तर हट्ट धरू नका. तोंडाजवळ टोक आणून जोराने दिलेल्या अर्धवट शॉटमध्येही मुख्य धमनी आणि सुरुवातीचे भाग पुरेसे दिसतात. अँजिओप्लास्टी करायचीच असेल तर ०.०१४ ची मऊ तार टोकातून पुढे सोडून धमनीत न्या, मग तिच्यावरून गाइड एक्स्टेन्शन कॅथेटर (गाइडच्या आतून पुढे सरकणारी मऊ नळी) छिद्रातून आत ढकला. कधी लहान फुगा धमनीत फुगवून त्याच्या आधाराने एक्स्टेन्शन पुढे जातं. ही दोन साधनं टावीच्या केसला ट्रॉलीवर काढूनच ठेवावीत, मागितल्यावर कपाट उघडू नये.

स्टेंट आत नेण्याआधी ब्लॉकेज फुग्याने नीट मोकळा करून घ्या. जाळीत घासून स्टेंट फुग्यावरून सरकण्याची भीती असते, म्हणून एक्स्टेन्शनच्या आतूनच न्यावा. तोंडाशीच स्टेंट घालायचा असेल तर तो जाळीत किती बाहेर डोकावतोय ते दोन व्ह्यूंमध्ये तपासा, नाहीतर पुढच्या वेळी त्याच्याच टोकावर कॅथेटर आदळेल.

बाहेर काढताना घाई नडते. कॅथेटर छिद्रात असताना पिळू नका, गाठ पडते. आधी धमनीतून टोक सोडवा, आत ०.०३५ तार घाला, टोक सरळ होऊ द्या आणि मग तारेवरून काढा. अडकल्यासारखं वाटलं तर ओढू नका, थोडा आत ढकलून सोडवा. जाळीला हिसका बसू नये आणि पाकळ्यांमधून विनाकारण ये-जा होऊ नये.

किती वेळ प्रयत्न करायचा? स्थिर रुग्णात किडनी आणि डाय यांचा हिशोब बघून थांबा, दुसऱ्या दिवशी सीटी करून, वाट आखून परत या, किंवा अनुभवी केंद्राला पाठवा. क्रिएटिनिन आधीच वाढलेला असेल तर हे जास्तच खरं. मोठ्या अटॅकमध्ये थांबायची सोय नसते. तिथे अर्धवट बसलेल्या कॅथेटरवरूनही तार पुढे टाकून धमनी उघडणं हाच उद्देश. कॅथलॅब फार लांब असेल तर आधी रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं का, हे पाठवणाऱ्या डॉक्टरांनी फोनवरच ठरवून घ्यावं.

केस संपली की रिपोर्टमध्ये "टावी झालेली, कोरोनरी सामान्य" एवढं लिहून मोकळं होऊ नका. कोणत्या हातातून किंवा जांघेतून गेलो, कोणता कॅथेटर चालला, कोणता चालला नाही, जाळीच्या कितव्या ओळीतल्या छिद्रातून आत गेलो, कोणत्या व्ह्यूमध्ये ते छिद्र सरळ समोर दिसलं, नेमकं बसलं की अर्धवट, हे लिहा. सीडी आणि हा कागद रुग्णाच्या घरच्यांच्या हातात द्या आणि झडपेच्या कार्डासोबत त्याच पिशवीत ठेवायला सांगा.